पहिल्या दहा मिनिटांचा इसार



जत्रेतल्या तंबूत बसून सिनेमा पाहिलेली मंडळी तुमच्यांत पुष्कळ असतील. आता असे तंबू थोड्याच जत्रांतून दिसतात. पण आमच्या लहानपणी तंबूचा खेळ म्हणजे वर्षाचा सण असे. खेळ सुरू झाला तरी माणसे येतच असत. कुणी बैलांना वैरण टाकून येई, कुणी पोरांना निजवून येई. आलेला माणूस अंधारात चाचपडत बसे आणि शेजारच्याला विचारी, "काय झालं रं आतापातुर?" शेजारचा सांगे, "काय न्हाई. नुसती नावं गेली. आत्ताच सुरू झालाय."

काय न्हाई! आणि मग तो उशिरा आलेला गडी खेळ संपेपर्यंत विचारीत राही, "ह्यो कोन? ह्यो चांगला का वाईट? ती का रडतीया?" शेवटी पुढचा कुणीतरी वैतागून म्हणे, "गप की लेका, आम्हाला बघू दे."

त्या बिचाऱ्याचे काय चुकले होते? फार तर दहा मिनिटे. पण त्या दहा मिनिटांतच चित्रपट आपल्याशी व्यवहार ठरवीत असतो. जमिनीचा किंवा बैलाचा सौदा करताना आपण आधी इसार देतो ना? रक्कम लहान, पण तिने सौदा पक्का होतो. चित्रपटाची सुरुवात हा तसाच इसार आहे. हा माणूस असा आहे, गोष्ट या वाटेने जाणार आहे, तुम्ही अमुक गोष्टीवर लक्ष ठेवा, एवढे त्यात न बोलता ठरून जाते. आज या इसाराबद्दल चार शब्द सांगायचे आहेत.

ही चाल आपल्याला नवी नाही. कीर्तनात बुवा आधी पूर्वरंग लावतात. अभंग घेतात, त्याचे निरूपण करतात आणि मगच उत्तररंगात आख्यान सांगतात. पूर्वरंग ऐकलेल्या माणसाला आख्यानात काय शोधायचे ते ठाऊक असते. तमाशात आधी गण, मग गौळण, आणि वग त्यानंतर. नाटकात नांदी. आपल्या माणसाला सुरुवातीचे मोल कळते. सिनेमाने ते काम बुवांच्या किंवा सूत्रधाराच्या तोंडून काढून चित्रावर सोपवले, आणि चित्र भरभर सरकते. म्हणून ते निसटते.

आपल्या मराठीतलाच एक जुना दाखला घेऊ. पुण्याच्या प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' हा बोलपट 1936 साली आला. दामले आणि फत्तेलाल यांनी तो दिग्दर्शित केला होता आणि विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले होते. हा चित्रपट सुरू होतो तेव्हा तुकोबा भजनात रंगलेले दिसतात. डोळे मिटलेले, आवाज साधा, कुणी ऐकते आहे का याची पर्वा नाही. थोड्या वेळाने तेच भजन दुसऱ्या तोंडून ऐकू येते. देवळात सालोमालो ते गातो आहे, हातवारे करतो आहे, लोकांकडे पाहतो आहे आणि रचना आपलीच म्हणून मिरवतो आहे.

बघा, इथे कुणी येऊन सांगितले नाही की तुकोबा संत आहेत आणि सालोमालो ढोंगी आहे. भजन एक, गाणारे दोन. एक देवाकडे तोंड करून गातो, दुसरा माणसांकडे. अक्षर न वाचता येणाऱ्या म्हातारीलाही ते पहिल्या काही मिनिटांत कळले. आणि पुढे जेव्हा तुकोबांच्या वह्या नदीत बुडवण्याचा प्रसंग येतो, तेव्हा प्रश्न तोच असतो: शब्द कुणाचे? इसार दिला होता तो इथे पुरा होतो. माणसाचा स्वभाव सांगायचा असेल तर त्याला काहीतरी करताना दाखवा, हा या सुरुवातीचा धडा आहे.

दुसरा दाखला 1957 सालच्या 'मदर इंडिया'चा. मेहबूब खान यांच्या या चित्रपटात अगदी आरंभीच म्हातारी राधा दिसते. नर्गिसने ती भूमिका केली आहे. सुरकुतलेला चेहरा आणि त्या चेहऱ्याजवळ हातात धरलेले मातीचे ढेकूळ. भोवती ट्रॅक्टर चालले आहेत. गावात कालवा आला आहे आणि उद्‌घाटन या म्हातारीच्या हातून व्हावे असा लोकांचा आग्रह आहे. तिच्या गळ्यात हार पडतो, फुलांचा वास येतो आणि तिला आपले लग्न आठवते. तिथून गोष्ट मागे जाते.

आता म्हणाल, शेवट आधीच सांगून टाकला की! म्हातारी जगली, गावाला पाणी आले, मग बघायचे काय? पण इथेच दिग्दर्शकाची हुशारी आहे. ही बाई तगेल का, हा प्रश्न त्याने आपल्या मनातून काढून टाकला आणि त्याच्या जागी दुसरा ठेवला: या पाण्यासाठी तिने काय दिले? पूर येतो, सावकार येतो, नवरा निघून जातो आणि शेवटी पोटच्या मुलावर बंदूक चालवायची वेळ येते. दर वेळी आपल्याला तो हार आठवतो आणि तो जड वाटू लागतो. आपण कोणता प्रश्न मनात धरून बसायचे, तेही सुरुवातच ठरवते.

कधी कधी सुरुवात एक गोष्ट दाखवते आणि तीच लपवतेही. 1975 सालचा 'शोले' तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे, कित्येकांनी दहा-दहा वेळा. आठवा बरे आरंभ. छोट्या स्टेशनावर आगगाडी येते, तुरुंगाचा एक अधिकारी उतरतो, त्याला घोड्यावरून रामगढला नेतात. तिथे ठाकूर भेटतो. अंगावर शाल. तो बोलतो, जुन्या आठवणी सांगतो, दोन माणसे शोधून आणायला सांगतो. मागच्या आठवणीत आगगाडीवर दरोडेखोर चालून येतात, तेव्हा हाच ठाकूर हातात हत्यार घेऊन लढताना दिसतो. आणि आज अंगावर शाल आहे.

ही शाल आपण सगळ्यांनी पाहिली. पण मोठा माणूस आहे, शाल पांघरली असेल, म्हणून सोडून दिली. पुढे होळीच्या दिवशी गब्बरच्या टोळीचा हल्ला होतो. बंदूक ठाकूरच्या पायाशी पडलेली असते आणि तो ती उचलीत नाही. जय आणि वीरू चिडतात, आपणही चिडतो. मग कळते की त्याला हातच नाहीत. त्या वेळी सगळे थिएटर सुन्न होई ते काही उगीच नाही. चित्रपटाने आपल्याला फसवले नव्हते. पहिल्या दहा मिनिटांत सारे समोर ठेवले होते. आपण पाहिले, पण बघितले नाही.

इथवर कारागिरीची गोष्ट झाली. आता जी गोष्ट मला विशेषतः शिक्षक बंधुभगिनींना सांगायची आहे, तिच्याकडे वळतो.

सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' 1955 साली आला. बंगालमधले एक खेडे. आरंभी दुर्गा नावाची लहान पोर शेजारच्या बागेतून पेरू उचलते. शेजारीण ते पाहते आणि तोंडसुख घेते. पोर चोर आहे, आईने वळण लावलेले नाही, आणि आई विहिरीवर ते मुकाट ऐकते. पण आपण त्या पोरीच्या मागोमाग जातो. ती धावत घरी येते आणि पेरू म्हाताऱ्या आत्याच्या भांड्यात ठेवते. दात पडलेली ती म्हातारी फळ पाहून खुलते. ती बागही एके काळी याच घराची होती, कर्जापायी गेली, हे आपल्याला पुढे कळते.

शेजारणीने पाहिले ते खोटे होते का? नाही. पेरू उचललाच होता. पण ती तिथेच थांबली आणि आपण दोन पावले पुढे गेलो. पुढे दुर्गावर मण्यांची माळ चोरल्याचा आळ येतो. ती नाही म्हणते, आईचा मार खाते. शेवटी दुर्गा तापाने जाते, आणि घर सोडताना तिच्या धाकट्या भावाला, अपूला, ती माळ घरातच सापडते. म्हणजे माळ तिने घेतलीच होती! अपू कुणाला काही सांगत नाही. माळ तळ्यात फेकतो आणि शेवाळ त्यावर पुन्हा मिटते. त्या क्षणी तुमच्याआमच्या मनात 'चोर' हा शब्द येत नाही. का येत नाही? कारण पहिल्या दहा मिनिटांत आपण पेरूच्या मागोमाग घरापर्यंत गेलो होतो.

अलीकडचा मराठी दाखला नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'चा, 2013 सालचा. आरंभी एक पोरगा हातात गलोल घेऊन झाडाझुडपांतून काळ्या चिमणीच्या मागे हिंडतो आहे. नजर वर, पाऊल हलके. तो कुणाचा, कुठल्या वस्तीतला, काही ठाऊक नाही. एवढेच दिसते की या पोराला काहीतरी मनापासून हवे आहे. त्याचे नाव जब्या. तो कैकाडी समाजातला आहे आणि गाव त्याच्या घरच्यांना डुकरे धरायला लावते, हे त्यानंतर समजते. आधी मुलाची इच्छा, मग गावाने दिलेले नाव. हा क्रम उलटा केला असता तर आपण पहिल्यापासून कीव करीत बसलो असतो. आता कीव करण्याआधीच आपण त्याच्याबरोबर चिमणी शोधू लागलेले असतो. म्हणून शेवटी चिडवणाऱ्यांवर जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट आपल्याच दिशेने येतो, तेव्हा तो लागतो.

श्रोतेहो, सगळेच चित्रपट असा इसार देत नाहीत. पुष्कळांत खोटे नाणे चालवतात. काळा रंग, गालावर व्रण, अंगावर विशिष्ट पोशाख, मागे कर्कश वाद्य, की झाला खलनायक! गोरा चेहरा, मंजूळ बासरी, की झाली नायिका! पाहणाऱ्याला विचार करायचे श्रम नाहीत. पण अशी शंभर चित्रे पाहून डोळ्याला सवय लागते आणि ती सवय तंबूबाहेर, गावात, शाळेत आपल्याबरोबर येते.

हे मी दुसऱ्याला दोष देण्यासाठी सांगत नाही. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षाची गोष्ट आहे. वर्ग ताब्यात देताना आधीच्या गुरुजींनी हजेरीपट उघडला आणि एका नावावर बोट ठेवून म्हणाले, "याच्यावर नजर ठेवा. हात वाईट आहे." ते माझे सुरुवातीचे चित्र. पोरगा मी अजून पाहिलाही नव्हता. पुढे खडूची पेटी हरवली, तेव्हा साऱ्या वर्गासमोर मी प्रथम त्यालाच उभे केले. तो काही बोलला नाही. चार दिवसांनी पेटी माझ्याच कपाटात, नकाशांच्या मागे सापडली. मी त्याला जवळ बोलावून तसे सांगितले. त्याने मान हलवली. पण तो मुलगा तोवर सगळ्यांच्या आधी येऊन वर्ग झाडीत असे. त्या दिवसानंतर तो घंटा झाल्यावर येऊ लागला. मला वर्षभर ते दिसत राहिले आणि मला ते परत जुळवता आले नाही.

म्हणून शिक्षक मित्रांना एक छोटा प्रयोग सुचवतो. हल्ली बऱ्याच शाळांतून पडद्यावर किंवा निदान मोबाइलवर चित्रपट दाखवता येतो. एखादा चांगला चित्रपट लावा आणि दहा मिनिटांनी थांबवा. मुलांना तीन प्रश्न विचारा. पहिल्यांदा कोण दिसले आणि ते काय करीत होते? हा माणूस कसा आहे असे तुम्हाला वाटते? आणि तसे वाटायला तुम्ही नेमके काय पाहिले? तिसरा प्रश्न सोडू नका, खरा अभ्यास त्यातच आहे. उत्तरे वहीत लिहून ठेवायला सांगा, मग चित्रपट पुरा दाखवा आणि वह्या पुन्हा उघडा. कुणाचे बरोबर आले याला गुण देऊ नका. कुणी मत बदलले आणि का बदलले, ते मात्र मोकळेपणाने बोलू द्या.

आणि घरी बसून ऐकणाऱ्या मंडळींना एवढेच सांगणे: सिनेमाला जाल तेव्हा वेळेवर जा. "नुसती नावं गेली" म्हणणाऱ्या शेजाऱ्यावर विश्वास ठेवू नका. नावे जात असतानाच कुणाच्या तरी अंगावरची शाल तुमच्यासमोरून गेलेली असते.