काळी, पांढरी आणि स्थापत्यचे विद्यार्थी

दरवर्षी १५ सप्टेंबरला अभियंता दिन येतो. सर विश्वेश्वरय्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, प्रश्नमंजूषा होते, चहा-समोसा होतो आणि स्थापत्य शाखेच्या विद्यार्थी मंडळाचे वर्षाचे निम्मे काम तिथेच आटोपते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातही चित्र फारसे वेगळे नाही. १९८३ साली अमरावती विद्यापीठ स्थापन झाले, त्याच वर्षी शेगावला अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. पुढे चिखली, मलकापूर, बुलढाणा इथेही सोय झाली. स्थापत्य शाखा असली की मंडळ आलेच. अध्यक्ष, सचिव, वर्गणी आणि एकसारखे टी-शर्ट.

ज्यांना आपण हार घालतो ते विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले, १८८४ साली नोकरीत आले आणि आपल्या शेजारच्या खानदेशात पांझरा नदीच्या पलीकडे पाणी नेण्याचे काम त्यांनी ऐन तारुण्यात केले. हे विद्यार्थ्यांना सांगितले की त्यांचे डोळे चमकतात. पण आपली पांझरा कोणती, हे त्यांना कोणी सांगत नाही.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. अशाच एका मंडळाने मला व्याख्यानाला बोलावले. व्याख्यान संपल्यावर मी मुलांना विचारले, तुमच्यापैकी किती जणांच्या घराच्या भिंतीला तडा आहे? निम्म्याहून अधिक हात वर झाले. उन्हाळ्यात रुंदावणारा आणि पावसाळ्यात मिटणारा तडा.

आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेती, पांढरी म्हणजे वस्ती. जुनी माणसे पांढरीत घरे बांधत. काळीत पीक येते, भिंत टिकत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. आता पांढरी अपुरी पडली. शेते अकृषक झाली, प्लॉट पडले, आणि कर्ज काढून बांधलेली घरे सरळ काळीवर उभी राहू लागली.

मंडळाच्या मुलांनी त्या वर्षी एक साधा प्रयोग हाती घेतला. अभ्यासक्रमात तो आहेच. वाळवून बारीक चाळलेली माती दहा-दहा ग्रॅम घ्यायची. एक वाटा पाण्याच्या नळीत, दुसरा रॉकेलच्या नळीत टाकायचा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्हीकडची पातळी वाचायची, फरक किती ते कळते. (रॉकेल मिळवायला मुलांना जी पायपीट करावी लागली, तो स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.) त्यांनी गावठाणातली, टेकडीवरची आणि नव्या लेआउटमधली, अशा तीन जागांची माती आणली. लेआउटमधली माती पाण्यात रॉकेलच्या जवळजवळ दीडपट झाली होती. पुस्तकातला आकडा पाठ असलेली मुले त्या नळीकडे बघतच राहिली.

खरी अडचण पुढेच होती. त्या लेआउटमधला एक प्लॉट मंडळाच्या सचिव मुलीच्या काकांचाच होता. मिस्तरीने तीन फूट पाया पुरे म्हणून सांगितलेले, विटा येऊन पडलेल्या. मुलीने भीत भीत विषय काढला. काका म्हणाले, “अजून तुह्या हातात डिगरी नाई, अन् मले पाया शिकवून राह्यली का?”

त्यांचा राग मला समजतो. पाया खोल न्यायचा, खाली मुरूम भरायचा किंवा तळाशी फुगीर केलेले खांब घालायचे, म्हणजे पैसा लागतो. तसे खांब रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केले, त्याला अनेक दशके झाली. पण आपल्याकडच्या मिस्तरीपर्यंत ते अजून पोचायचे आहेत. मार्गदर्शक प्राध्यापकांनी मात्र एक गोष्ट काटेकोरपणे पाळली. मुलांच्या कागदावर फक्त चाचणीचे आकडे लिहिले गेले. पाया किती खोल घ्यावा हे नाही. तो सल्ला अनुभवी अभियंत्यानेच द्यायचा. मला ही शिस्त फार मोलाची वाटली. मंडळाच्या उत्साहात कोणाचे घर चुकीचे बांधले जाता कामा नये.

आपल्या जिल्ह्यात करण्यासारखे पुष्कळ आहे. पूर्णाकाठचा खारपाणपट्टा आहे. नदी-नाले खोल करून तोच मुरूम रस्त्याला वापरायचा, हा बुलढाणा पॅटर्न तर नीती आयोगाने वाखाणला. त्या खोल केलेल्या नाल्यांत किती गाळ साचला, हे दर उन्हाळ्यात मोजायला दोरी, पट्टी आणि चार मुले पुरतात.

काकांनी शेवटी कागद घेतला आणि घडी करून खिशात ठेवला. नंतर ते शहरातल्या एका अभियंत्याकडे जाऊन आले, असे मुलीकडून कळले. खर्चाचा अंदाज ऐकून ते अजून तिच्याशी धड बोलत नाहीत. विटा तशाच पडून आहेत. काम दिवाळीनंतर काढू म्हणतात.