चेहरा कुणाचा जपायचा?

आम्ही इस्लापूरहून बोलतोय.

मागच्या वर्षी आमच्या गटातली एक आजी वारली. तेराव्याला हार घालायला फोटो शोधला, तर घरात एकही सापडेना. लेकाच्या लग्नाचा अल्बम काढला, त्यात आजी पदराआड. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. तो इतका धूसर, की नातीनं विचारलं, "ही कोण?"

तेव्हापासून आमच्या बैठकीत एकच विषय निघतो. चेहरा कुणाचा जपला जातो?

आपल्या देवघरात टाक असतात. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेली माहूरची रेणुकामाता, खंडोबा, काही घरांत वाडवडीलसुद्धा. टाक तळहातापेक्षा लहान, पण पिढ्यान् पिढ्या टिकतो.

असंच काम विलायतेत अठराव्या शतकात मातीत झालं. जोसाया वेजवुड हा कुंभाराच्या घरातला माणूस. त्यानं बरेच प्रयोग करून १७७५ च्या सुमारास 'जॅस्पर' नावाची माती तयार केली. हिच्यात रंग आतच मिसळलेला, वरून चकाकी नाही. चेहरा आधी मेणात घडवायचा, त्यावरून साचा करायचा. साच्यात पांढरी माती दाबायची, अलगद काढून निळ्या चकतीवर पाण्याच्या हातानं चिकटवायची आणि भट्टीत भाजायची. एकदा साचा झाला, की चेहरे हवे तेवढे.

आधी असा मान बहुतेक राजाराणीचा, नाण्यावर नाहीतर संगमरवरात. आता दर्यावर्दी कॅप्टन कुक, शास्त्रज्ञ न्यूटन, अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन असे लोक मातीच्या चकतीवरून घरोघर पोचले. फ्रान्समध्येही फ्रँकलिनचे भाजक्या मातीचे चेहरे निघाले. तेव्हा त्यांनी लेकीला पत्रातून कळवलं, की माझं तोंड आता चंद्राइतकं ओळखीचं झालंय!

पण आम्हाला खरी भिडली ती १७८७ ची चकती. तिच्यावर कुणी मोठा माणूस नाही. साखळदंडात बांधलेला, गुडघे टेकून हात जोडलेला एक काळा गुलाम आहे. मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का, असं तो विचारतोय. गुलामांचा व्यापार बंद करा म्हणणाऱ्यांसाठी वेजवुडनं या चकत्या घडवल्या आणि फुकट वाटल्या. बायांनी त्या बांगडीत बसवल्या, केसांच्या आकड्यांत लावल्या. त्यांना मताचा हक्क नव्हता, तरी अंगावरच्या दागिन्यातून त्या बोलल्या. पुढं २० वर्षांनी, १८०७ मध्ये, ब्रिटिश संसदेनं तो व्यापार बंद केला.

तरी एक गोष्ट मनाला लागते. कुकचं नाव राहिलं, फ्रँकलिनचं राहिलं. त्या गुडघे टेकलेल्या माणसाला मात्र नावच नाही. आपल्या बायांचंही असंच होतं. अमक्याची माय, तमक्याची सून, एवढीच ओळख.

म्हणून आम्ही ठरवलंय. दर बैठकीला दोघीतिघींचे फोटो काढायचे, पदर मागं सारून, उजेडात बसवून. फोटो मोबाईलमध्ये ठेवायचा नाही, कागदावर काढून आणायचा. मागं तिचं पूर्ण नाव, माहेर आणि तिला काय चांगलं जमतं ते लिहायचं. एक प्रत घरी, एक गटाच्या कपाटात. पहिल्या दिवशी एक मावशी लाजून म्हणाली, "माझा कशाला?" आम्ही म्हटलं, "मावशी, नातीनं विचारू नये म्हणून."

तुमच्या गटातही करून बघा. सगळ्यात म्हातारीपासून सुरुवात करा.