व्हिस्टा आणि ग्राहकाची शंका

३० जानेवारी २००७ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज व्हिस्टा’ ही संगणकप्रणाली, आजवरची सर्वाधिक सुरक्षित अशी ग्वाही देत, सर्वसामान्यांसाठी बाजारात आणली. तरीही असंख्य ग्राहक २००१च्या ‘एक्सपी’लाच धरून राहिले. हा अडाणीपणा नव्हे. व्हिस्टा पदोपदी अनुमती विचारी. जो पहारेकरी प्रत्येक आगंतुकासाठी घरधन्याला झोपेतून उठवतो, त्याला घरधनी न पाहताच ‘येऊ दे’ म्हणू लागतो; चोराचे तिथेच फावते! एप्रिल २००७मध्येच माउसच्या कर्सरच्या फाइलमधून संगणकाचा ताबा मिळवू देणारे छिद्र तातडीने बुजवावे लागले. ते जुन्या प्रणालींतही होते. व्हिस्टाचा पाया कच्चा नव्हता, हे मान्य. त्याच पायावर २००९ची ‘विंडोज ७’ उभी राहिली. परंतु मधल्या पावणेतीन वर्षांचा भुर्दंड ग्राहकाने का सोसावा?