एका उपनगराची शाळा



आज ज्या शाळेची हकीकत मी सांगणार आहे ती बेळगावची नव्हे. ती मुंबईच्या उपनगरातील विलेपार्ल्याची, पार्ले टिळक विद्यालयाची आहे. तिकडच्या शाळेशी आपला संबंध काय, असे कोणी म्हणेल. तो पुढे ओघाने येईलच.

लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात निवर्तले. त्यानंतर ठिकठिकाणी स्मारकांची चर्चा सुरू झाली. पार्लेकरांनी पुतळ्याचा विचार न करता, वर्ष पुरे होण्याच्या आत, ९ जून १९२१ रोजी टिळकांच्या नावाने शाळा काढली. ज्या पुरुषाने १८८० साली स्थापन झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये स्वतः हाती खडू धरला, त्याचे स्मारक शाळेहून अधिक शोभणारे कोणते असणार? पुढे १९२३ साली याच गावात लोकमान्य सेवा संघ उभा राहिला. म्हणजे तीन वर्षांच्या आत एका लहानशा वस्तीने लोकमान्यांच्या नावाने दोन संस्था उभारल्या.

वस्ती लहान होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पार्ले तेव्हा मुंबई शहरात नव्हतेच. मुंबई उपनगर जिल्हा अस्तित्वात आला तोच मुळी १९२० साली, आणि पार्ले महानगरपालिकेच्या हद्दीत गेले ते १९५० साली. शहरातल्या चाळींच्या कोंडवाड्यातून बाहेर पडून आलेले कारकून, शिक्षक, वकील अशी मंडळी साष्टीच्या या मोकळ्या भागात घर करू लागली होती. हवा चांगली, विहिरीला पाणी, पण मुलांच्या शिक्षणाची सोय काय? आगगाडीने मुलांना रोज शहराकडे धाडणे हा एक मार्ग. गावात शाळा काढणे हा दुसरा. पार्लेकरांनी दुसरा पत्करला. बोटांवर मोजता येतील इतक्या मुलांनिशी शाळा सुरू झाली.

५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली आणि उपनगरात राहून शहरात नोकरी करणे सुलभ झाले. वस्ती वाढली, तशी शाळा वाढली. परंतु माझ्या मते याच्या उलटही तितकेच खरे आहे. गावात चांगली शाळा आहे एवढ्यासाठी बिऱ्हाड पार्ल्यात हलविणारी मराठी कुटुंबे थोडी नसावीत. बिस्किटांच्या कारखान्याने पार्ल्याचे नाव देशभर नेले हे कबूल. तो कारखाना २०१६ साली बंद झाला. शाळा चालू आहे.

याच शाळेत पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे शिकले. तेच पु. ल. पुढे काही काळ आपल्या बेळगावात राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते. संबंध विचारणारास हे एक उत्तर.

शाळेच्या संस्थेने पुढे महाविद्यालयेही काढली. १९५९ साली पार्ले कॉलेज निघाले, त्यालाच आज साठये महाविद्यालय म्हणतात; १९६० साली डहाणूकर वाणिज्य महाविद्यालय. २०२१ साली मूळ शाळेला शंभर वर्षे झाली. आणि मध्यंतरी त्याच संस्थेला टिळकांच्याच नावाने इंग्रजी माध्यमाची शाळाही काढावी लागली.

यावरून संचालकांना दोष देणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांच्यातला नाही. मराठी शाळा त्यांनी मोडली नाही, ती चालू ठेवली. आणि मागणी करणारे पालक कोणी परके नव्हते. ज्यांच्या आजोबांनी वर्गणी दिली, त्यांचीच नातवंडे इंग्रजी शाळेच्या दारात उभी राहिली असतील, तर संचालकांनी कोणाच्या बळावर नाही म्हणावयाचे? १९२१ साली दात्यांची वानवा होती, विद्यार्थ्यांची उणीव वस्तीबरोबर भरून निघाली. आज इमारत आहे, नाव आहे, परंपरा आहे. मराठी वर्गाच्या बाकांवर मुले कोणाची बसणार एवढाच प्रश्न आहे. तो पार्ल्याचा आहे तितकाच बेळगावचा, हे दुसरे उत्तर.

सभा संपल्यावर कोणी मला विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो: माझी थोरली नात इंग्रजी शाळेत जाते. त्या वेळी घरात मी बोललो नाही. धाकटीचे नाव येत्या जूनमध्ये घालावयाचे आहे, आणि या खेपेस मी बोलणार आहे.