लहरींची मालकी कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा संक्षेप)

नवे प्रसारमाध्यम आले की समाज बदलतो, असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. नभोवाणीने रूझवेल्ट यांना घरोघरी नेले, दूरचित्रवाणीने 1960 साली केनेडी यांना निवडून आणले, समाजमाध्यमांनी ट्रम्प यांना सत्ता दिली, अशी सोपी समीकरणे मांडली जातात. त्यांत यंत्रालाच कर्तेपण मिळते आणि यंत्राचा मालक पडद्याआड राहतो. अमेरिकेतील स्त्रीप्रश्नाच्या अंगाने हा इतिहास तपासला, म्हणजे या मांडणीतील उणीव ध्यानात येते.

1930 नंतरच्या दशकात अमेरिकन नभोवाणीवर दिवसा कौटुंबिक मालिकांचा सुकाळ झाला. 1933 सालची ‘मा पर्किन्स’ ही मालिका प्रॉक्टर अँड गँबल कंपनीचा कपडे धुण्याचा साबण खपविण्यासाठी होती. ‘सोप ऑपेरा’ हे नाव पडले ते अशा मालिकांवरूनच. दिवसभर घरी असणारी आणि घरखर्च सांभाळणारी स्त्री ही या धंद्याची गिऱ्हाईक होती. मासिकांचीही तीच कथा. बेटी फ्रीडन यांनी 1963 साली ‘द फेमिनिन मिस्टिक’ या ग्रंथात दाखवून दिले की, महायुद्धापूर्वी स्त्रियांच्या मासिकांतील नायिका पुष्कळदा नोकरी-व्यवसाय करणाऱ्या, स्वतंत्र बाण्याच्या असत. युद्धानंतर त्यांची जागा केवळ गृहिणीने घेतली. छपाईचे तंत्र काही बदलले नव्हते. बदलली होती ती बाजाराची गरज.

तथापि श्रोता आणि वाचक अगदीच निःशस्त्र नव्हता. 1934 च्या कायद्याने प्रक्षेपणाच्या लहरी कोणाच्या खाजगी मालकीच्या मानल्या नव्हत्या. लोकहिताच्या अटीवर मुदतीचा परवाना मिळे. वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नांवर विरुद्ध बाजूलाही न्याय्य संधी द्यावी, हा दंडक 1949 मध्ये आला. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथील डब्ल्यूएलबीटी हे दूरचित्रवाणी केंद्र कृष्णवर्णीयांच्या हक्कांची बाजू दडपीत असे. नागरिकांनी युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या धर्मसंस्थेच्या साहाय्याने दाद मागितली. परवान्याच्या प्रश्नावर सामान्य प्रेक्षकालाही बाजू मांडण्याचा अधिकार आहे, असा निर्णय न्यायालयाने 1966 मध्ये दिला आणि 1969 मध्ये त्या केंद्राच्या परवान्याचे नूतनीकरण रद्द ठरविले.

स्त्रियांनी हे हत्यार ओळखले. 16 मार्च 1970 रोजी ‘न्यूजवीक’ने स्त्रियांच्या बंडावर मुखपृष्ठकथा छापली; त्याच दिवशी तेथील 46 स्त्रियांनी आपल्याच मालकाविरुद्ध भेदभावाची तक्रार दाखल केली. तेथे लेखन पुरुषांकडे आणि माहिती जमविण्याचे काम स्त्रियांकडे, अशी वाटणी होती. दोनच दिवसांनी शंभराहून अधिक स्त्रियांनी ‘लेडीज होम जर्नल’च्या पुरुष संपादकाच्या कचेरीत अकरा तास ठिय्या दिला आणि ऑगस्टच्या अंकात आठ पृष्ठे मिळविली. 1972 मध्ये नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन या संघटनेने न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएबीसी केंद्राच्या परवान्यास हरकत घेतली. ती पुढे फेटाळली गेली. पण पडद्यावरील स्त्री आणि कचेरीतील स्त्री, दोघींचा प्रश्न सार्वजनिक झाला.

भांडवलाने या चळवळीपासून धडा घेतला. 1987 मध्ये केंद्रीय दळणवळण आयोगाने न्याय्य संधीचा दंडक रद्द केला. तो कायद्यात आणण्याचे काँग्रेसचे विधेयक अध्यक्ष रेगन यांनी आधीच नकाराधिकाराने रोखले होते. संगीताचे श्रोते एफएमकडे गेल्यामुळे एएम केंद्रांना स्वस्त कार्यक्रम हवाच होता. 1988 मध्ये रश लिंबॉ यांचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. स्त्रीवाद्यांना नाझींच्या पंक्तीस बसविणारा शब्द त्यांनीच लोकांच्या तोंडी रुळविला. तोवर एका मालकाला देशभरात जेमतेम 40 नभोवाणी केंद्रे ठेवता येत; 1996 च्या कायद्याने ही मर्यादा उठविली आणि काही वर्षांतच क्लिअर चॅनेल या एका कंपनीकडे बाराशेहून अधिक केंद्रे गेली. कारखाने बंद पडून हवालदिल झालेल्या पुरुषाला त्याच्या दुःखाचे कारण मालक नसून स्त्री आहे, असे रोज ऐकविणे हा किफायतशीर धंदा ठरला.

इंटरनेटने हे सारे पालटेल, अशी आशा अनेकांना होती. ती सर्वस्वी खोटी ठरली नाही. तराना बर्क यांनी 2006 मध्ये वापरलेले ‘मी टू’ हे शब्द 2017 च्या ऑक्टोबरात लक्षावधी स्त्रियांनी उच्चारले आणि बलाढ्य पुरुषांच्या गाद्या डळमळल्या. परंतु स्त्रियांना धमक्या देणाऱ्या झुंडीही त्याच पटांगणावर जमल्या. संताप कोणाचाही असो, तो जितका वेळ माणसाला खिळवून ठेवील तितकी जाहिरात अधिक, हा तेथील हिशेब आहे. ते पटांगण तर चक्क विकता येते: 2022 मध्ये एलॉन मस्क यांनी 44 अब्ज डॉलरांना ट्विटर विकत घेतले. तेथे परवाना नाही, नूतनीकरण नाही, जॅक्सनच्या नागरिकांसारखी हरकत घेण्याची जागाही नाही.

मित्रहो, जॅक्सनच्या नागरिकांना आणि न्यूजवीकच्या स्त्रियांना नवे यंत्र सापडले नव्हते. त्यांच्यापाशी संघटना होती आणि दाद मागता येईल असा कायदा होता. आज अमेरिकेत संघटना आहे, कायदा मागे पडला आहे. तो पुन्हा मिळविल्यावाचून तेथील स्त्रीमुक्तीचा आवाज मालकाच्या मर्जीवरच चालू राहील.