प्रकाशसंश्लेषण आणि एक गाळलेले नाव

(गणेशोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



"तुमच्याच विषयावर बोला, पण सगळ्यांना कळेल असं बोला," अशी मंडळाची आज्ञा झाली. माझा विषय प्रकाशसंश्लेषण. हिरवे पान उन्हाच्या बळावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर कशी बनवते, याचे शास्त्र. सुरुवात बाप्पाच्या नैवेद्यापासून करतो. मोदकाची पारी तांदळाची, सारण नारळ आणि गुळाचे. या तिन्हींतला कार्बन एके काळी हवेत होता. तो हवेतून साखरेपर्यंत कोणत्या वाटेने जातो, हे १९४० साली कोणालाच नीट ठाऊक नव्हते. ती वाट शोधणाऱ्या अँड्र्यू बेन्सन यांची गोष्ट आज सांगणार आहे.

बेन्सन यांचा जन्म १९१७ सालचा, कॅलिफोर्नियातील मोडेस्टो गावचा. ते बर्कले येथे रुजू झाले, तेव्हा सॅम रूबेन आणि मार्टिन केमेन यांनी तिथे नुकताच, १९४० मध्ये, कार्बन-१४ शोधला होता. त्याआधी कार्बन-११ वापरत. तो सुमारे वीस मिनिटांत निम्मा होई, त्यामुळे सगळा प्रयोग पळापळीत उरकावा लागे. कार्बन-१४ निम्मा व्हायला सुमारे ५,७३० वर्षे लागतात. म्हणजे खुणेचा कार्बन हाती आला आणि शांतपणे काम करायला वेळही मिळाला. दुर्दैवाने १९४३ मध्ये, युद्धकाळातील विषारी वायूवर काम करताना झालेल्या अपघातात रूबेन गेले. बेन्सन यांनी तत्त्व म्हणून शस्त्र धरायला नकार दिला होता. त्यामुळे त्यांनाही बर्कले सोडावे लागले. १९४६ मध्ये मेल्विन केल्विन यांनी त्यांना परत बोलावले आणि नवी प्रयोगशाळा उभारण्याचे काम दिले.

प्रयोग मोठा सुरेख होता. काठीवरच्या गोल गोळीच्या आकाराचे चपटे काचपात्र, त्यात हिरवे एकपेशीय शैवाल, दोन्ही बाजूंना दिवे. खुणेचा कार्बन आत सोडायचा आणि काही सेकंदांत ते शैवाल गरम अल्कोहोलमध्ये ओतायचे. सगळ्या क्रिया जिथल्या तिथे थांबतात. मग त्याचा अर्क मोठ्या कागदावर पसरवून घटक वेगळे करायचे आणि त्या कागदावर क्ष-किरणांची फिल्म ठेवून द्यायची. जिथे खुणेचा कार्बन, तिथे काळा डाग. मिनिटभर थांबले तर डागांची गर्दी. वेळ कमी करत काही सेकंदांवर आणली, की मुख्यतः एकच डाग उरे. तो तीन कार्बन असलेल्या आम्लाचा होता. कार्बन डायऑक्साइड स्वीकारणारी पाच कार्बनची साखरही बेन्सन यांनी १९५१ मध्ये ओळखली. पाच आणि एक सहा, सहाचे दोन तुकडे तीन-तीनचे. त्यांतून साखरही बनते आणि ती पाच कार्बनची साखरही पुन्हा तयार होते. असे हे चक्र आहे.

बाप्पाच्या दूर्वा आणि ऊस यांची वाट थोडी निराळी. तिथे आधी चार कार्बनचे आम्ल बनते. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये ही वाट मांडली. पण शेवटी साखर बनते ती त्याच जुन्या चक्रात.

१९५४ मध्ये या चक्राचा पूर्ण आराखडा छापून आला. लेखकांत बेन्सन आणि जेम्स बॅशम होते. त्याच सुमारास केल्विन यांनी बेन्सन यांना प्रयोगशाळा सोडून जायला सांगितले. बेन्सन यांनीच हे पुढे मुलाखतीत सांगितले आहे. १९६१ चे रसायनशास्त्राचे नोबेल एकट्या केल्विन यांना मिळाले. ते तिघांत वाटता येते, हे लक्षात घ्या. १९९२ मध्ये केल्विन यांचे आत्मचरित्र आले, त्यात बेन्सन यांचे नावच नाही. केल्विन यांची योग्यता मी कमी लेखत नाही. माणसे जमवणे, प्रश्न धरून ठेवणे, हेही मोठेच काम आहे. पण ज्याच्या हातांनी डाग ओळखले, त्याचे नाव गाळणे हा अन्यायच होय.

बेन्सन थांबले नाहीत. पानांतल्या गंधकयुक्त स्निग्ध पदार्थाचा शोध त्यांनी लावला. पुढे स्क्रिप्स या सागरविज्ञान संस्थेत ते समुद्री जीवांवर काम करीत राहिले. २०१५ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी ते गेले. आता बरेच जण 'केल्विन-बेन्सन चक्र' म्हणतात.

मी मात्र तीस वर्षे फळ्यावर 'केल्विन चक्र' एवढेच लिहिले. याहून मोठी चूक आहे, ती आज कबूल करतो. आमच्या प्रयोगशाळेत एक तेलुगू सहायक होते. पहाटे पाचला शेतावर जाऊन पानांचे नमुने आणायचे, बर्फात ठेवायचे, वेळेची अचूक नोंद करायची, हे सारे तेच करीत. एका हंगामात नोंदी जुळेनात. दोष यंत्राच्या नळीत आहे, हे त्यांनीच दाखवून दिले. शोधनिबंध छापून आला, तेव्हा त्यांचे नाव आभारातसुद्धा नव्हते. ते मीच लिहायचे होते. त्यांनी अंक हातात घेतला, पाने उलटली आणि म्हणाले, "छपाई छान आहे, सर." ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. आज ते सहकुटुंब इथे आले आहेत. आरतीच्या वेळी मी तुम्हा सर्वांशी त्यांची ओळख करून देणार आहे.

मंडळाला एकच विनंती. स्मरणिकेत पदाधिकाऱ्यांची नावे असतात, देणगीदारांची असतात. यंदापासून मांडव घालणारे, दिव्यांच्या माळा जोडणारे आणि प्रसादाची भांडी घासणारे यांचीही नावे छापावीत. एक पान पुरेल.

गणपती बाप्पा मोरया!