चेंबरचे बोल्ट किती आवळावेत?
मुलचेऱ्याच्या जंगलरस्त्यांवर धावणाऱ्या जुन्या जीपखाली तेलाचा डाग दिसला, की ‘चेंबरचे (म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचे) बोल्ट आवळा’ हा सल्ला ठरलेला. तो अर्धाच बरोबर. उष्णतेनं कॉर्कचं पॅकिंग दबतं, हादऱ्यांनी बोल्ट ढिले होतात, हे खरं. पण वरच्या टॅपेट कव्हरमधलं तेलही ओघळून चेंबरवरच येतं. म्हणून आधी चेंबर पुसा, इंजिन चालवा, ओल कुठून उतरते ते पाहा. खड्डे इतके, तर घट्ट आवळलेलं बरं, असं कुणी म्हणेल. पण 6 मिलिमीटरच्या बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर जोर पुरतो. जास्त दिला तर पत्र्याची कड वाकते, पॅकिंग फाटतं आणि गळती वाढते. इंजिन थंड असताना, आखूड पान्यानं, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळा. आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका.